पोर्शे ९४४ टर्बोचे ब्रेक ट्रॅकवर दगा देतात. मोठे लाल कॅलिपर आणि भोकांच्या डिस्क घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १९८७ ची ९४४ टर्बो, एबीएसवाली. हॉकेनहाइमच्या ट्रॅक डेला पाचव्या फेरीत पाराबोलिका हा वेगाचा लांब टप्पा संपवून श्पिट्झकेहरच्या अगदी तीव्र वळणावर ब्रेक दाबला आणि पेडल जवळजवळ तळाला टेकलं. दोन-तीनदा पंप केल्यावर गाडी आवरली. आता ९९३ टर्बोचे (पोर्शेच्याच नव्वदच्या दशकातल्या ९११ चे) लाल कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारे भाग) आणि भोकं पाडलेल्या डिस्क असा संच अडीच हजार युरोंना मिळतोय, तो घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. पुढे कधी घ्याल, तेव्हा कशासाठी घेतोय हे माहीत असू द्या. माझ्याकडे १९८८ ची साधी टर्बो गेली नऊ वर्षं आहे. मी लुडविग्सबुर्गला राहतो. आपल्या गाड्या जिथे जुळवल्या गेल्या ते नेकारझुल्म इथून फार लांब नाही. ब्रेकचं सगळं काम मी तासावर भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये स्वतः करतो. तुम्हाला आला तो अनुभव मलाही आलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा तुमच्या पेडलने काय सांगितलं ते नीट ऐकू या. ट्रॅकवर ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारे सुटतात. एकात पेडल दगडासारखं कडक असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबत नाही. तिथे पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. दुसऱ्यात पेडलच खाली जातं आणि पंप केल्यावर थोडं वर येतं. तिथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय कॅलिपरच्या पिस्टनला ढकलण्याऐवजी वाफेचे बुडबुडे चेपत बसतो. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. यातला धोका असा की गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा द्रव होतं, पेडल बरंचसं सुधारतं आणि घरी जाताना वाटतं की झालं गेलं. ते ऑइल मात्र कामातून गेलेलं असतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर उकळतं.

खंबाटकी किंवा वरंधा घाट उतरताना ट्रकच्या चाकांतून येणारा तो जळका वास आठवतोय ना? 'गाडी गिअरमध्ये उतरव, ब्रेकवर नको' हे आपण लहानपणापासून ऐकलंय. ब्रेकला मर्यादा असते ती उष्णतेची, हेच त्यात सांगितलेलं असतं. घाटात ही उष्णता वीस मिनिटांत जमते, हॉकेनहाइमला चार सेकंदांत.

हिशेब करून बघा. तुम्ही आणि पेट्रोल धरून गाडी १४०० किलो. २०० च्या वेगावरून ६० वर आणायची. त्यात जवळजवळ २० लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. सहा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला एवढीच ऊर्जा लागते. हे सगळं चार-सव्वाचार सेकंदांत, म्हणजे सरासरी सव्वासहाशे अश्वशक्तीच्या आसपास. आपलं इंजिन २२० अश्वशक्तीचं. इंजिन जेवढ्या ताकदीने गाडी पळवतं त्याच्या जवळजवळ तिप्पट ताकदीने ब्रेक तिला थोपवतात. यातला साधारण दोन-तृतीयांश भार पुढच्या दोन डिस्क उचलतात. एक डिस्क आठ किलोची धरली, हवेचा अडथळा थोडी मदत करतो तीही वजा केली, तरी त्या एका वळणावर ती दीडशेएक अंशांनी तापते. गार व्हायच्या आत पुढचं वळण येतं.

आता पाहा, मोठे कॅलिपर यात काय करतात? ते पॅड अधिक जोराने दाबू शकतात. पण तुमची अडचण जोराची नव्हती. एबीएस लागेपर्यंत दाब देणं मूळ ब्रेकना सहज जमतं आणि त्यापुढे सगळं टायरच्या हातात असतं. थंड गाडीत एका थांब्याचं अंतर मोठ्या ब्रेकने कमी होत नाही. चांगल्या टायरने होतं. (टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाच कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांच्या जुन्या रबरावर ब्रेकचे पैसे खर्च करू नका.) मोठ्या डिस्कचा खरा फायदा म्हणजे जास्त लोखंड, म्हणजे उष्णता साठवायला जास्त जागा. तो फायदा खरा आहे, पण तो यादीत बराच खाली येतो.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी होजमधूनसुद्धा. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ वर येते. दर दोन वर्षांनी बदलायचं ते याचसाठी. तुम्ही लिहिलंय की शेवटचं कधी बदललं ते आधीच्या मालकाला विचारावं लागेल. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ट्रॅकसाठी ३०० अंशांच्या वर टिकणारी ऑइलं मिळतात. कॅस्ट्रॉलचं एसआरएफ महाग आहे, पण ओल शोषल्यानंतरही ते २७० च्या आसपास टिकतं, म्हणून मी तेच घालतो. डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या यंत्रणेत चालत नाही. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, नावाने फसू नका.

एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढताना एक काळजी घ्या. आपल्या कॅलिपरला ही हवा सोडायचे दोन-दोन निपल आहेत, आतलं आणि बाहेरचं. एकाच निपलची एअर काढून सोडून देणारे मी पाहिले आहेत. आणि पेडल तळापर्यंत दाबून एअर काढू नका. मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग रोज वापरात नसतो. तिथे पस्तीस-अडतीस वर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल पूर्ण खाली गेलं की सील त्यावरून घासून फाटतं. ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर गेला, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. ती बहुधा अशी सुरू होते. टाकीच्या तोंडाला लावायची दाबाची बाटली मिळते, ती वापरा. हॉकेनहाइमला तुमचं पेडल खाली गेलेलंच आहे, तेव्हा सिलिंडरही तपासा. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम दाबून धरा. मिनिटभरात ते हळूहळू खाली सरकत असेल तर सील गेलं समजा.

आता कॅलिपर. इथे जरा थांबतो, कारण ९४४ टर्बोचं खरं दुखणं इथेच असतं आणि लाल कॅलिपरच्या जाहिरातीत ते कुणी सांगत नाही.

आपल्या गाडीला चारही चाकांना ब्रेम्बोचे चार पिस्टनचे ॲल्युमिनियम कॅलिपर आहेत. १९८५ साली ही फार पुढची गोष्ट होती. पॅड जिथे सरकतात तिथे ॲल्युमिनियम झिजू नये म्हणून स्टीलच्या पातळ पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. या पट्टीखाली पाणी आणि हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ शिरतं. ॲल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी गंजाची पूड येते, ती फुगते आणि पट्टीला वर ढकलते. खाच अरुंद होते आणि पॅड त्यात अडकतो. तो धड पुढे जात नाही, धड मागे येत नाही. म्हणजे सरळ रस्त्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो आणि तुम्ही वळणावर पोचता तेव्हा डिस्क आधीच तापलेली असते.

माझी गाडी घेतली तेव्हा कॅलिपर 'ओव्हरहॉल केलेले' आहेत असं बिलावर लिहिलं होतं. वर झकास नवा रंग होता. पहिल्याच ट्रॅक डेला मागच्या डाव्या चाकातून वास यायला लागला. घरी येऊन पॅडच्या पिना काढल्या, तर पॅड हाताने निघेना. हातोडीने ठोकून काढावा लागला. पट्ट्यांखाली दीड मिलिमीटर पांढरी पूड होती, आणि तिच्यावरूनच रंग मारला होता. तेव्हापासून रंग पाहून कॅलिपरची पारख करायची नाही, हा माझा नियम आहे. तुम्हाला मिळणारे ते लाल कॅलिपरही तीस वर्षांचे आहेत आणि त्यांच्यातही अशाच पट्ट्या आहेत, हे विसरू नका.

काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. कॅलिपर उतरवायचे, पट्ट्यांचे स्क्रू काढायचे (अडकलेला स्क्रू तुटतोच, गरम करून घाई न करता काढा), खालची जागा खरवडून स्वच्छ धातूपर्यंत आणायची, नव्या पट्ट्या आणि नवे स्क्रू सीलंट लावून बसवायचे. पिस्टनची सील आणि धुळीची रबरं त्याच वेळी बदलायची. नवा पॅड बोटाने ढकलला तर घरंगळल्यासारखा सरकला पाहिजे. मला चारही कॅलिपरना दोन शनिवार लागले. परत बसवताना एअर काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावं-उजवं उलटं बसलं तर निपल खाली जातं आणि त्या कॅलिपरची एअर जन्मात निघत नाही.

रबरी होज मूळचे असतील तर ते बदलाच. आतून रबर फुगून भोक बारीक होतं. मग दाब जातो पण परत यायला वेळ लागतो आणि ब्रेक धरून राहतो. स्टीलची जाळी असलेले घ्या किंवा मूळचेच नवे घ्या, पेडलमध्ये थोडाफार फरक जाणवेल, पण मुख्य गोष्ट नवेपणाची आहे. जाळीचे घेतलेत तर त्यांच्यासोबत ट्यूफला (जर्मनीत गाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेला) दाखवायचं कागदपत्र आहे ना, ते पाहून घ्या.

पॅडबद्दल : रस्त्यावरचे साधे पॅड ४०० अंशांच्या आसपास हात टेकायला लागतात. ट्रॅकचे पॅड त्याच्या बरेच पुढे टिकतात, पण थंड असताना नीट धरत नाहीत आणि किंचाळतात. जर्मनीत रस्त्यावर चालवायच्या गाडीत मान्यतेचा ई-क्रमांक नसलेले पॅड घातले तर गाडीचा परवानाच रद्दबातल ठरू शकतो, विम्याचा प्रश्न वेगळाच. मी फेरोडोचा मधला, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालणारा प्रकार वापरायचो. आता ट्रॅकवर पोचून पॅड बदलतो. आपल्या कॅलिपरची ही फार मोठी सोय आहे : कॅलिपर उतरवावाच लागत नाही, दोन पिना काढल्या की पॅड बाहेर. निम्म्याहून जास्त झिजलेले पॅड घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. पॅडची जाडी हीच पिस्टन आणि ऑइलला उष्णतेपासून वाचवणारी भिंत असते. नवे पॅड आधी रस्त्यावर हळूहळू तापवून डिस्कवर त्यांचा थर बसू द्या. तसं न करता थेट ट्रॅकवर नेले तर त्यांच्यातली राळ तापून वायू सुटतो आणि पहिल्याच जोरदार थांब्याला पॅड निसटल्यासारखे वाटतात.

भोकांच्या डिस्क नकोत. भोक पाडलं म्हणजे तेवढं लोखंड कमी झालं आणि आपल्याला तर लोखंडच हवंय. शिवाय तापणं-गार होणं सारखं चालू राहिलं की तडे भोकाच्या कडेपासूनच निघतात. पोर्शेने १९७८ च्या ९११ टर्बोला ९१७ या रेसिंग गाडीवरून बेतलेले ब्रेक दिले, तेव्हापासून भोकांची डिस्क ही वेगवान गाडीची खूण झाली, हे मान्य. पण त्याच पोर्शेने १९८८ च्या ९४४ टर्बो एसला साध्या, सपाट डिस्क दिल्या. चांगल्या कंपनीच्या साध्या डिस्क घ्या. आतली पाती वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते : गाडीत बसवल्यावर वरच्या भागातली पाती केंद्राकडून बाहेर जाताना गाडीच्या मागच्या दिशेला झुकलेली दिसली पाहिजेत. तरच डिस्क पंख्यासारखी हवा खेचून बाहेर फेकते.

आणि ती हवा तिला द्या. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. नंतरच्या ९११ जीटी३ च्या खालच्या आर्मवर बसणारी प्लास्टिकची पाती मिळतात. थोडं जुळवून घेतलं की ती आपल्या आर्मवरही बसतात आणि गाडीखालची हवा चाकाकडे वळवतात. याहून जास्त हवं असेल तर समोरच्या फॉग लॅम्पच्या जागेतून होज आणता येतो. पण होजचं तोंड डिस्कच्या मधोमध हवं, जिथून पाती हवा आत घेतात. डिस्कच्या एकाच अंगावर गार हवेचा झोत मारला तर एक बाजू गार, एक तापलेली, आणि डिस्क तडकते. होज चाक पूर्ण वळवून आणि गाडी दाबून पाहा, कुठे घासला नाही पाहिजे.

एवढं झाल्यावर मोजा. अंदाजाने पुढचं काही विकत घेऊ नका. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानाचे रंग मिळतात : हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. तिन्हींचे ठिपके पुढच्या आणि मागच्या डिस्कवर लावा, वीस मिनिटांचं एक सत्र चालवा, येऊन पाहा. कॅलिपरला चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात. माझ्या गाडीत वरचं सगळं केल्यावर पुढचा हिरवा बदलला, नारिंगी अर्धवट, लाल तसाच राहिला. म्हणजे मूळ डिस्क पुरतात. माझा शोध तिथेच संपला, आणि त्यानंतर हॉकेनहाइमला किंवा न्यूरबुर्गरिंगच्या लांब ट्रॅकवर, नोर्डश्लाइफेवर, एकदाही पेडल खाली गेलेलं नाही. तुमचा लाल ठिपका बदलला, तर मात्र तुम्हाला खरंच जास्त लोखंड हवंय.

तसं निघालं तर माझी निवड ९९३ टर्बोची नसून टर्बो एसची असेल. १९८८ ला पोर्शेने २५० अश्वशक्तीच्या एक हजार टर्बो एस काढल्या आणि त्यांना पोर्शेच्याच ९२८ एस४ या गाडीचे पुढचे ब्रेक दिले. आपली मूळ डिस्क २९८ मिलिमीटर व्यासाची आणि २८ जाडीची. एसची ३०४ आणि ३२. व्यास सहाच मिलिमीटर वाढला, पण जाडी पाहा. लोखंड तिथे वाढलं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कारखान्यातच जुळवलेला आहे आणि १६ इंची चाकात ते बसतात. तरी तुमच्या चाकाच्या आऱ्या कॅलिपरला लागतात का हे बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. १९८७ पासून एबीएससाठी पुढची भूमिती आणि चाकांचा ऑफसेट बदलला, त्यामुळे १९८६ ची चाकं कुणी स्वस्तात देत असेल तर सावध.

९९३ टर्बोच्या ३२२ च्या डिस्क फक्त पुढे बसवल्या तर काय होतं? पुढचे ब्रेक जास्त जोरदार होतात, पुढची चाकं लवकर अडतात, एबीएस लवकर सुरू होतं आणि मागची चाकं आपल्या वाट्याचं कामच करत नाहीत. आपल्या गाडीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्यामुळे वजन जवळजवळ समसमान वाटलेलं आहे. म्हणून मागचे ब्रेक इतर गाड्यांपेक्षा जास्त काम करू शकतात. ते वाया घालवून गाडी उलट लांब थांबेल. यावर उपाय म्हणून लोक मास्टर सिलिंडरवरचा दाबाचा व्हॉल्व्ह बदलतात. त्यावर बारमध्ये आकडा कोरलेला असतो, त्या दाबानंतर मागच्या चाकांना जाणारा वाढीव दाब तो कमी करतो. हा आकडा चढवताना चूक झाली तर मागची चाकं आधी अडतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. तोल बदलायचा तर बंद जागेत, पाऊस पडून गेलेल्या डांबरावर, कमी वेगात टप्प्याटप्प्याने तपासत बदलायचा असतो. पिस्टन मोठे झाले की त्याच मास्टर सिलिंडरवर पेडलचा प्रवासही लांबतो, तेही लक्षात घ्या.

कागदाची बाजूही आहे. तुमची गाडी तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे एच अक्षराची (जर्मनीत जुन्या, जतन केलेल्या गाड्यांना मिळणारी) नंबरप्लेट असेल किंवा तुम्हाला घ्यायची असेल. त्यासाठी केलेले बदल गाडीच्या काळाला धरून असावे लागतात. १९८८ चे टर्बो एसचे ब्रेक १९८७ च्या गाडीला शोभतात, परीक्षकाला समजावणं सोपं जातं. काहीही विकत घेण्याआधी ट्यूफच्या परीक्षकाला भेटा. पार्ट नंबरांचा कागद घेऊन गेलात तर ते चांगलं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक न वापरता काढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडा, हँडब्रेक ओढू नका आणि चाकांचे नट १३० न्यूटन-मीटरवर पुन्हा तपासा.

या शनिवारी मागची चाकं काढा, पिना काढा आणि पॅड हाताने सरकतात का ते पाहा. पट्ट्यांचा फोटो काढून इथे प्रतिसादात टाका. कॅलिपर उघडावे लागतील की नाही ते फोटोवरून बहुतेक सांगता येईल. उघडायचे झाले तर स्क्रू काढायच्या दिवशी मी येतो, लुडविग्सबुर्गहून फार लांब नाही तुम्ही.